खेळाडूंच्या कोटींवर नाक मुरडणारा मी, आणि लिलाव बघणाराही मीच

तिरकस_चेंडू

माझं एक ठरलेलं भाषण आहे. चार माणसं जमली आणि क्रिकेटपटूंच्या पैशाचा विषय निघाला की मी सुरू होतो. "चेंडू टाकायचा, फळीने मारायचा, याचे एवढे कोटी? तिकडे संशोधक, शिक्षक, परिचारिका यांच्या हातात काय पडतं ते बघा!" समोरचे माना डोलावतात. याला विरोध करायला सहसा कोणी उठत नाही, त्यामुळे भाषण दर वेळी हिट.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. दोन्ही दिवस हाच मी स्क्रीनला चिकटून होतो. रविवारी उघडपणे, सोमवारी ऑफिसच्या एक्सेल शीटच्या आडून. ऋषभ पंतची बोली लखनौने २०.७५ कोटींपर्यंत नेली, दिल्लीने 'राइट टू मॅच'चा, म्हणजे आपला जुना खेळाडू तेवढ्याच बोलीत राखायचा हक्क बजावला, लखनौने आकडा एकदम २७ कोटींवर नेऊन ठेवला आणि दिल्लीने हात आखडता घेतला. हे सगळं मी आत्ता कुठेही न बघता लिहिलं आहे. त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातलं एकच नाव मला सांगता येतं, डेमिस हसाबिस. तेही तो लहानपणी बुद्धिबळात चमकला होता म्हणून!

सिनेमावाल्यांचंही तेच. विमानतळातून बाहेर पडून गाडीत बसणाऱ्या नट्यांचे व्हिडिओ येतात. "कोणाला पडलंय यांचं?" असं मी मोठ्याने म्हणतो, आणि गाडीचं दार लागेपर्यंत माझा अंगठा हलत नाही. वर खाली कॉमेंट टाकतो, "कोणाला पडलंय". म्हणजे व्हिडिओ टाकणाऱ्याच्या हिशेबात एक व्ह्यू आणि एक कॉमेंट, दोन्ही जमा.

तर हा दुटप्पीपणा माझा एकट्याचा की सार्वजनिक? आणि मुळात माझा आक्षेप खरा आहे की पोटदुखी? मनापासून लिहा. "मी टीव्ही बघतच नाही" वाल्यांनी कृपया पुढे सरकावं.

आगाऊ

मी टीव्ही बघतच नाही.
(मोबाइलवर बघतो.)

हिशेबनीस

पोटदुखी थोडी असणारच, पण निव्वळ तीच नाही. रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने १९७४ साली बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घेऊन एक कोडं घातलं होतं. समजा, सामन्याला येणारा प्रत्येक जण आपल्या खुशीने २५ सेंट वेगळ्या पेटीत टाकतो, आणि ती पेटी चेंबरलेनची. हंगामात दहा लाख लोक आले तर त्याला अडीच लाख डॉलर मिळाले. मग यात अन्याय नेमका कोणत्या क्षणी झाला? नाणं टाकताना तर कोणाचीच तक्रार नव्हती.

नोझिकच्या निष्कर्षाशी माझं जमत नाही. अडीच लाख एका हातात गेल्यावर पुढे त्या पैशाने आणखी काय काय विकत घेता येतं, हा प्रश्न तो सोडून देतो. पण पेटीची कल्पना पक्की आहे. आज ती पेटी दिसत नाही, एवढाच फरक. आपण बघतो जाहिरात. जाहिरातदार पैसे देतो वाहिनीला, वाहिनी मंडळाला, मंडळ संघाला. चार हात फिरून पैसा खेळाडूकडे पोचतो, तोवर तो आपल्या खिशातून निघाला होता हे आपण विसरलेलो असतो. विसरलो की चिडायला मोकळे.

दुसरा मुद्दा शेर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञाने १९८१ साली मांडला. एकच कलाकार अख्ख्या बाजाराला पुरा पडू शकत असेल, तर कौशल्यातला उन्नीस-बीसचा फरक उत्पन्नात प्रचंड होतो. त्याच्याही कितीतरी आधी आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने मिसेस बिलिंग्टन नावाच्या गायिकेचा दाखला दिला होता. आवाज कितीही दैवी असला तरी तो जेवढ्या लोकांपर्यंत पोचेल तेवढीच कमाई. तेव्हा माइक नव्हता, आज उपग्रह आहेत. शिक्षिका आजही वर्गातल्या मुलांपर्यंतच पोचते. तिचं काम कमी मोलाचं आहे असा याचा अर्थ नाही, तिच्या कामाच्या प्रती निघत नाहीत एवढंच.

अवांतर: आकड्यांची ही हौस फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये डायोक्लीस नावाचा शर्यतीत रथ हाकणारा होता. त्याची आयुष्यभराची कमाई, ३ कोटी ५८ लाखांवर सेस्टर्स (रोमन नाणी), दगडात कोरून ठेवलेली सापडली आहे. लिलाव बघणारे तेव्हाही होतेच.

सरळबॅट

हिशेबनीस, छान. पण मधल्या हातांवरून तुम्ही फार पटकन पुढे गेलात. खरी गोम तिथेच आहे.

२०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची लिलावाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, होती १२० कोटी, संघ दहा. सगळ्यांनी शेवटचा रुपया खर्च केला तरी १,२०० कोटी. नुसत्या प्रसारणाच्या पैशाशी ताडून बघितलं तरी हा जेमतेम आठवा हिस्सा. प्रायोजक आणि तिकिटं मी धरलेलीच नाहीत, तशी मॅच फीही धरलेली नाही. ढोबळ हिशेब आहे, कबूल. तरी अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंचा वाटा करारानेच उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास ठरलेला असतो, हे शेजारी ठेवून बघा.

आता सांगा, पंतचे २७ कोटी सगळ्यांना पाठ आहेत. त्याच संघाच्या मालकाने त्या वर्षी किती कमावले, हे इथे किती जणांना माहीत आहे? मलाही नाही. कधी शोधावंसंही वाटलं नाही. घाम गाळणाऱ्याचे पैसे डोळ्यांत खुपतात, पेटीवर बसलेल्याचे खुपत नाहीत. माझा दुटप्पीपणा हा.

इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड, असा नियमच होता. मैदानं ओसंडून वाहायची, पैसा तेव्हाही होता. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा कुठे मर्यादा उठली, आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. ते ८० पौंड आभाळातून पडले नाहीत. आधी कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच खिशात जात होते.

बेसबॉलमधल्या कर्ट फ्लडची गोष्ट तर या धाग्यासाठीच घडली असावी. १९६९ साली त्याच्या क्लबाने त्याला न विचारता दुसऱ्या शहरातल्या क्लबाकडे पाठवलं. तो म्हणाला, जात नाही, आणि कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळत असताना कसली गुलामी, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं की भरपूर पगार घेणारा गुलाम हाही गुलामच. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ असा हरला, आणि कारकीर्द तर त्याआधीच आटोपली होती. १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने दुसऱ्या दोन खेळाडूंना मोकळीक मिळाली, मग सगळ्यांनाच. "एवढे मिळतात तरी रडतो" असं फ्लडला ऐकवणारे लोक म्हणजे तिरकस_चेंडू यांचं भाषण ऐकून माना डोलावणारेच.

तिरकस_चेंडू

सरळबॅट, हा मार वर्मी बसला. मालकाचं नावसुद्धा मला लिलावाच्या टेबलावर कोण बसलं होतं त्यावरूनच माहीत आहे.

तरी एक शंका उरते. पैसा कोणाचा, हा प्रश्न वेगळा आणि एवढा पैसा इथे यावा का, हा वेगळा. माझ्या भाषणातल्या परिचारिकेचं काय?

रात्रपाळी

तुमच्या भाषणातली परिचारिका बोलतेय.

अगदी हेच वाक्य मी कितीदा ऐकलंय. समारंभात ऐकलंय, रुग्णांच्या नातेवाइकांकडून ऐकलंय, एकदा तर ड्रिप लावताना रुग्णाकडून. "सिस्टर, खरे हिरो तुम्ही. त्या क्रिकेटवाल्यांना उगाच डोक्यावर घेतात." बोलताना नजर मोबाइलवरच्या स्कोअरवर. मला राग आला नाही, कारण किती झाले ते मलाही हवंच होतं.

पण एक सांगते. रोहितच्या मानधनातून एक कोटी उद्या कापले तर माझ्या पगारात एक रुपया वाढणार नाही. ते संघमालकाकडे राहतील. सरळबॅट यांनी फुटबॉलचं जे सांगितलं तेच. माझा पगार कशाने वाढतो? पदं भरल्याने, कंत्राटी पद्धत कमी झाल्याने, आमच्या मागण्यांना लोकांनी पाठिंबा दिल्याने. आम्ही काळ्या फिती लावून काम करतो तेव्हा हेच माना डोलावणारे विचारतात, "रुग्णांचे हाल करून काय मिळवता?" २०२० मध्ये आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. त्यानंतर करार संपलेल्या मुली घरी बसल्या, तेव्हा कोणाचीच कसलीच पोस्ट दिसली नाही.

जवान, शेतकरी, शिक्षक, परिचारिका ही मंडळी लोकांना फक्त तुलनेपुरती आठवतात. क्रिकेटपटूला मारायला हाताशी लागणारी काठी म्हणजे आम्ही. मारून झालं की कोपऱ्यात.

माझाही दुटप्पीपणा लिहिते, नाहीतर अन्याय होईल. नट्यांच्या लग्नातले कपडे मी बारकाईने बघते. कोणी कोणाचा ड्रेस घातला, दागिने कोणाचे, सगळं माहीत असतं. आणि सहकारी मैत्रिणीने साखरपुड्यात जरा खर्च केला तर, "काय गरज होती?"

आगाऊ

रात्रपाळी, +१. आणि धागाकर्त्याला एक ड्रिप लावा.

बारावा_गडी

मी क्लब क्रिकेट बरंच खेळलो, पुढे जमलं नाही, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी. तरी दुटप्पीपणात मागे नाही.

देशांतर्गत क्रिकेटकडे लोक बघत नाहीत, याची माझी तक्रार कायमची. २०२५ च्या जानेवारीअखेर विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला उतरला, दिल्ली विरुद्ध रेल्वे. एरवी जिथे प्रेक्षकांपेक्षा कावळे जास्त, तिथे हजारो लोक. मी थेट प्रक्षेपण लावून बसलो. ६ धावांवर रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा ऑफस्टंप उडवला. काय चेंडू होता! बॅट आणि पॅडच्या मधून आत, स्टंप कोलांट्या खात मागे. आणि प्रेक्षक उठून चालायला लागले. सामना चालू, फलंदाज क्रीजवर, गॅलऱ्या रिकाम्या होतायत. "बघा, हे लोक क्रिकेट बघायला आलेच नव्हते!" असं मी मनात म्हणालो आणि प्रक्षेपण बंद केलं. नंतर लक्षात आलं की मीही त्याच गर्दीतून बाहेर पडलो होतो, फक्त जिना उतरावा लागला नाही.

रणजीत ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार मिळतात, २० पर्यंत खेळलेल्याला ४०. वाईट नाहीत, मी नाही म्हणत नाही. पण साखळीत सामने मोजकेच, आणि संघाबाहेर बसलात की निम्मे. आपण "खेळाडूंना कोटी मिळतात" म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पंधरावीस चेहरे असतात. जेद्दाच्या त्या लिलावात पाचशेच्या वर नावं यादीत होती, विकले गेले १८२. दुसऱ्या दिवशी लिलाव घाईचा होतो, संघांनी मागितलेलीच नावं पुकारली जातात. बाकीच्यांना "अनसोल्ड" हा शब्दसुद्धा ऐकायला मिळत नाही.

आणि किंमत म्हणजे पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी. पंतने २७ कोटी मागितले नव्हते, त्याची मूळ किंमत २ कोटी होती. आकडा दोन संघांच्या चढाओढीत ठरला. पहिल्याच सामन्यात दिल्लीविरुद्ध तो शून्यावर गेला, आणि संपूर्ण हंगामभर प्रत्येक धाव किती लाखांना पडली याचे मीम. शेवटच्या सामन्यात नाबाद ११८ केल्या तोवर मीमवाले दमले होते. मी स्वतः त्यातले तीन-चार पुढे ढकलले. मी! ज्याला चांगलं माहीत आहे की जम बसत नसताना बॅट किती जड होते.

चष्मा

रात्रपाळी यांनी काठीचं म्हटलं ते वाचून मला माझी काठी आठवली. माझी म्हणजे 'इतर खेळ'.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं होतं, त्यानंतर ७२ वर्षांनी मराठी माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी त्या दिवशी तावातावाने लिहिलं, "क्रिकेटवाल्यांनो, खरा खेळाडू बघा!" प्रकार होता ५० मीटर थ्री पोझिशन. तीन पोझिशन कोणत्या, असं माझ्या भाचीने विचारलं आणि मी गप्प. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, हे तिनेच शोधून सांगितलं. त्यानंतर नेमबाजीची एकही स्पर्धा मी बघितलेली नाही. त्याच्या पदकाचा आनंद खरा होता की क्रिकेटवाल्यांना टोला हाणायला मिळाल्याचा, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

महिला क्रिकेटचंही तसंच. २०२२ मध्ये मंडळाने सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं, कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. मी ती बातमी अभिमानाने सगळीकडे पाठवली. सामने? २ नोव्हेंबर २०२५ ची विश्वचषकाची अंतिम लढत बघितली, शफालीच्या ८७ आणि दीप्तीच्या पाच विकेटनंतर नाचलोही. पण त्या स्पर्धेत भारत साखळीत ओळीने तीन सामने हरला, ते मला दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कळलं होतं. हिशेबनीस यांच्या पेटीत मी नाणं टाकत नाही आणि पेटी रिकामी का, म्हणून गळा काढतो.

उंबरठा

पैशाचं झालं, खासगीपणाचं कोणी बोलेना म्हणून लिहिते.

२०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या वेळी पर्थमध्ये विराटच्या हॉटेलच्या खोलीत शिरून कोणीतरी व्हिडिओ काढला. त्याने तो स्वतःच टाकून निषेध केला, की माझ्या खोलीतही मला एकांत नसेल तर कुठे? मी पेटून उठले. लोकांना लाज कशी वाटत नाही वगैरे दोन परिच्छेद लिहिले. आणि ते लिहिण्याआधी तो व्हिडिओ मी पूर्ण बघितला होता. लिहून झाल्यावर पुन्हा. बूट ओळीने लावलेत, कपडे कसे ठेवलेत, हे सगळं. निषेधासाठी दुसऱ्यांदा बघायची काय गरज होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१९९७ मध्ये डायना गेली तेव्हा मी कॉलेजात होते. छायाचित्रकारांना शिव्या घालत घालत तिचे फोटो असलेले अंक आम्ही हातोहात फिरवले होते. आता अंक नाहीत, बाकी सगळं तसंच.

सरळबॅट

एका ठिकाणी मात्र मी माझा आक्षेप मागे घेणार नाही. खेळण्याचे पैसे कितीही घ्या, जाहिरात कशाची करता त्यावर बोलणारच. २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून आलेल्या गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली. सचिनने वडिलांना दिलेला शब्द पाळून तंबाखू-दारूला हात लावला नाही. म्हणजे नाही म्हणता येतं. वेलचीच्या नावाखाली गुटख्याचा ब्रँड विकणाऱ्या नटाला आणि पैसे लावायच्या ॲपचा चेहरा होणाऱ्या खेळाडूला मी मोकळं सोडणार नाही.

तिरकस_चेंडू

इथे मला शंभर टक्के सहमत व्हायचं होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तोवर अशाच एका ॲपवर माझा संघ होता. खेळाडू हाव सुटल्यासारखे जाहिराती करतात, असं एकीकडे म्हणत होतो आणि दुसरीकडे त्यांच्यातलाच एक कर्णधार, एक उपकर्णधार निवडत होतो. जाहिरात चुकीची होती हे खरंच. ती ज्याच्यावर लागू पडली तो मी.

एकूण काय, भाषण दुरुस्त करावं लागणार. तरी २७ कोटी जास्तच वाटतात हो! सगळं पटलं तरी वाटतात.

हिशेबनीस

वाटू द्या की. कर मात्र त्यांच्याकडून नीट वसूल व्हावा. मालकांकडूनही. त्यातून रात्रपाळी यांची पदं भरता येतील.

रात्रपाळी

तथास्तु. आणि धागाकर्ते, भाषण दुरुस्त करताना एवढं करा. माझं नाव काढा आणि तुमच्या नोकरीचं घाला. "बघा, त्याला २७ कोटी आणि मला एवढेच!" मग मोजा किती माना डोलतात ते.

तिरकस_चेंडू

मी विम्याचे दावे नामंजूर करायच्या विभागात आहे.